दुहेरी क्लचची सहनशक्ती किती?

निस्सान कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये जीटी-आर (आर-३५) ही गाडी जपानच्या बाजारात आणली, तेव्हा वेगवान गाड्यांच्या दुनियेत मोठीच खळबळ उडाली. ४८० अश्वशक्तीचे आणि ५८८ न्यूटन-मीटर टॉर्कचे, दोन टर्बो लावलेले ३.८ लिटरचे इंजिन, चारही चाकांना शक्ती आणि मागच्या धुऱ्यावर बसवलेला सहा गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, असा हा सरंजाम होता. कितीतरी अधिक किमतीच्या युरोपीय गाड्यांना तिने जागेवरून सुटण्याच्या शर्यतीत मागे टाकले. मात्र हा आनंद काही मालकांना फार काळ उपभोगता आला नाही. गाडी अमेरिकेत पोचल्यानंतर वर्षभराच्या आतच गिअरबॉक्स मोडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. नवा गिअरबॉक्स बसवण्याचा खर्च सुमारे २०,००० डॉलर, म्हणजे त्या पैशांत एक बरी कुटुंबवत्सल मोटार यावी. कंपनीने काही प्रकरणांत हमी नाकारली. तिचे म्हणणे असे की, घसरण रोखणारी व्हीडीसी यंत्रणा बंद करून गाडी चालवल्यास होणारे नुकसान हमीत बसत नाही, हे माहितीपुस्तिकेत छापलेलेच आहे. मालकांचे उत्तरही बिनतोड होते. ती यंत्रणा बंद करण्याचे बटण कंपनीनेच गाडीत दिले आहे आणि ते दाबल्याखेरीज जाहिरातीतला तो वेग मिळतच नाही! काही मालक न्यायालयात गेले. पुढे कंपनीने गिअरबॉक्सच्या संगणकातील आज्ञावली बदलली आणि वादाचा धुरळा खाली बसला.

या प्रकरणात चूक कोणाची, हा प्रश्न आता जुना झाला. स्वतः आर-३५ चे उत्पादनही ऑगस्ट २०२५ मध्ये थांबले. परंतु दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स नेमका कशाने झिजतो आणि त्याच्याकडून अधिक काम करून घ्यायचे तर कोठे थांबावे, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. शिवाय आता हा गिअरबॉक्स केवळ श्रीमंतांच्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांतही तो असतो आणि त्या गाड्यांचे इंजिन 'रीमॅप' करून घेणाऱ्या तरुणांची संख्याही आपल्याकडे कमी नाही.

दोन हातांचा कारभार

साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना क्लच दाबून इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तेवढा काळ गाडी केवळ स्वतःच्या गतीवर पुढे जाते. दुहेरी क्लचच्या रचनेत एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर असतात आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा असे सम गिअर. दोन्ही क्लचचे दांडे एकात एक, म्हणजे पोकळ नळीत सळई घालावी तसे बसवलेले असतात. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धावत असताना चौथा गिअर आधीच गुंतवून ठेवलेला असतो. त्याचा क्लच तेवढा उघडा असतो. बदलाची आज्ञा होताच एक क्लच सुटू लागतो आणि त्याच वेळी दुसरा पकड घेऊ लागतो. शक्तीचा प्रवाह खंडित होत नाही.

ही कल्पना फ्रेंच अभियंता अडोल्फ केग्रेस याची. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम केलेला आणि बर्फावर चालणाऱ्या, मागे चाकांऐवजी पट्टे लावलेल्या गाड्यांसाठी प्रसिद्ध झालेला हा गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याने ही रचना मांडली. परंतु युद्ध आले, १९४३ मध्ये तो वारला आणि कल्पना कागदावरच राहिली. दोन क्लचना इतक्या अचूकपणे खेळवणारा हात त्या काळी उपलब्ध नव्हता, हेही तितकेच खरे. तो हात इलेक्ट्रॉनिक्सने दिला. पोर्शने १९८० च्या दशकात आपल्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत 'पीडीके' नावाने हा गिअरबॉक्स वापरून पाहिला आणि १९८६ मध्ये माँझाची शर्यत त्याच्या जोरावर जिंकलीही. तरीही सामान्य ग्राहकाच्या हाती तो पडायला २००३ साल उजाडावे लागले. फोक्सवॅगनची गोल्फ आर-३२ ही मोठ्या प्रमाणावर बनलेली अशी पहिली गाडी. तिचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे कंपनीच्या भाषेत डीक्यू-२५०, ३५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला होता. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा अशाच आकड्यांभोवती फिरते.

उष्णतेचा हिशेब

गिअरबॉक्स 'मोडला' असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यासमोर तुटलेले दाते येतात. प्रत्यक्षात दुहेरी क्लचच्या बाबतीत पहिला शत्रू म्हणजे उष्णता. धावत्या गाडीत गिअर बदलताना क्लच सेकंदाचा अल्पसा भागच घसरतो आणि दोन बाजूंच्या वेगांत फरकही थोडाच असतो. त्यामुळे तेथे विशेष काही बिघडत नाही. खरी कसोटी गाडी जागेवरून सुटताना लागते. इंजिन फिरते आहे आणि चाके स्तब्ध आहेत. हा सगळा फरक क्लचला आपल्या अंगावर घ्यावा लागतो.

येथे पदार्थविज्ञानातील एक साधा आणि काहीसा चकित करणारा नियम लागू होतो. इंजिनाचे फेरे एका ठिकाणी धरून ठेवले आणि क्लच घसरवत गाडी त्या वेगापर्यंत आणली, तर क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता ही, क्लच पूर्ण जुळतो त्या क्षणी गाडीच्या अंगी असलेल्या गतिज ऊर्जेएवढीच असते. क्लच हळू सोडा की झटक्यात सोडा, एकूण उष्णता तेवढीच. फरक पडतो तो ती किती वेळात आत शिरते याचा.

आता जीटी-आरचा हिशेब करू. सुरुवातीच्या गाड्यांत 'लाँच कंट्रोल' सुमारे ४,५०० फेऱ्यांवर इंजिन धरून ठेवत असे. पहिल्या गिअरमध्ये तेवढ्या फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर होतो. गाडीचे वजन सुमारे पावणेदोन टन. चाके फिरकी घेत नाहीत असे धरले, तर एका सुटण्यात क्लचच्या पोटात सुमारे १०७ किलोज्यूल उष्णता उतरते. लोखंडाच्या चार किलो वजनाच्या तबकड्या कल्पिल्या, तर त्यांचे तापमान या एका खेळात पन्नासएक अंशांनी वाढेल. तेलाने ती उष्णता वाहून नेईपर्यंत पुन्हा एकदा, मग आणखी एकदा, असे मित्रांसमोर चार-पाच वेळा करून दाखवले, म्हणजे तबकड्यांवरील घर्षणाचे कागदी अस्तर करपू लागते.

नव्या आज्ञावलीत हे फेरे सुमारे ३,००० वर आणले गेले. फेरे एकतृतीयांशाने कमी झाले, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे उष्णता निम्म्याहूनही खाली, म्हणजे सुमारे ४८ किलोज्यूलवर आली. कंपनीने एकही सुटा भाग न बदलता क्लचवरचा भार निम्म्याहून अधिक उतरवला, तो असा. त्या वेळी अनेक मालकांनी याला 'गाडीचे पंख छाटणे' म्हटले. आकडे पाहिले म्हणजे ही टीका फारशी टिकत नाही.

अर्थात उष्णता हे सगळे उत्तर नव्हे. चाके फिरकी घेऊन अचानक पकडतात, त्या क्षणी सारी यंत्रणा एखाद्या दोरीला झटका बसावा तशी ताणली जाते. हा धक्का इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. जीटी-आरमध्ये दांड्यावरच्या चकत्या जागेवर धरून ठेवणाऱ्या पोलादी कड्या, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला सर्कलिप म्हणतात त्या, अशा धक्क्यांनी सरकल्याची उदाहरणे घडली. काही रुपयांची कडी सुटली आणि लाखोंचा गिअरबॉक्स उघडावा लागला!

तेलातला कचरा

या गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात एकाच पेटीत असतात. तिला मेकाट्रॉनिक्स म्हणतात. त्यात संगणक आहे, दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर आहेत आणि विद्युतचुंबकाने उघडझाप होणाऱ्या अनेक झडपा आहेत. या झडपाच तेलाचा दाब कमी-अधिक करून क्लच आवळतात आणि गिअर सरकवणारे काटे हलवतात. झडपांमधील फट केसापेक्षाही बारीक असते.

ओल्या क्लचच्या रचनेत क्लच तेलात बुडालेले असतात आणि बहुधा तेच तेल दातेचक्रांना आणि या झडपांनाही पुरवले जाते. येथेच गोम आहे. क्लचच्या अस्तराची भुकटी आणि दात्यांतून निघणारा पोलादाचा कीस, दोन्ही तेलात मिसळतात. गाळणी आणि चुंबक त्यातील बराच भाग अडवतात, सगळा नाही. उरलेला कचरा झडपेत अडकला की दाब हवा तेथे हवा तेवढा पोचत नाही, क्लच थोडा अधिक घसरतो, अधिक भुकटी निघते आणि दुष्टचक्र सुरू होते. म्हणूनच डीक्यू-२५० मध्ये दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि गाळणी बदलण्याची शिस्त घालून दिलेली आहे. ही शिस्त कठोरपणे पाळलेल्या गाड्या आणि 'अजून तर चालते आहे' म्हणून पुढे ढकललेल्या गाड्या यांच्या आयुष्यात पडणारा फरक कोणत्याही अनुभवी मिस्त्रीला ठाऊक आहे. शर्यतीच्या मैदानावर नेल्या जाणाऱ्या गाडीला तर हे अंतर निम्म्यावर आणले तरी जास्त होणार नाही.

गिअरबॉक्सचा संगणक आपल्या परीने झीज भरूनही काढत असतो. अस्तर पातळ झाले की क्लच पकड घेऊ लागण्याचा बिंदू सरकतो. संगणक हा स्पर्शबिंदू वेळोवेळी नव्याने शिकतो आणि त्याप्रमाणे दाब ठरवतो. त्यामुळे साध्या क्लचप्रमाणे पेडल वर येणे, वास येणे अशी सूचना चालकाला लवकर मिळत नाही. भरपाईची मर्यादा संपेपर्यंत सारे आलबेल दिसते आणि मग एके दिवशी डॅशबोर्डवर पाना उमटतो.

संगणकाशी खोटे बोलणे

आता ट्युनिंगकडे वळू. टर्बो इंजिनाची शक्ती वाढवणे आज हास्यास्पद वाटावे इतके सोपे आहे. इंजिनाच्या संगणकातील, म्हणजे ईसीयूमधील आज्ञावली बदलली, टर्बोचा दाब वाढवला की तासाभरात वीस-तीस टक्के टॉर्क वाढतो. साध्या गिअरबॉक्सच्या गाडीत याचा परिणाम सरळ असतो. क्लच घसरू लागला तर चालकाला कळते आणि तो अधिक जाड स्प्रिंगचा क्लच बसवून घेतो.

दुहेरी क्लचमध्ये प्रकरण गुंतागुंतीचे आहे. क्लच किती जोराने आवळायचा हे गिअरबॉक्सचा संगणक ठरवतो. पण इंजिन या क्षणी किती टॉर्क देते आहे, हे तो स्वतः मोजत नाही. ईसीयू त्याला तो आकडा कळवत असतो आणि गिअरबॉक्स त्यावर विश्वास ठेवतो. आकडा आपल्या मर्यादेपलीकडे जातो आहे असे दिसले, की तो ईसीयूला टॉर्क कमी करण्याची विनंती करतो. ही सुरक्षेची व्यवस्था आहे. परंतु ज्याला झटपट 'पॉवर' दाखवायची आहे, त्या ट्युनरला ती अडथळा वाटते. मग काही जण आडवाट धरतात. ते इंजिनाचा टॉर्क वाढवतात, पण ईसीयू कळवत असलेला आकडा जुनाच राहील अशी तजवीज करतात. गिअरबॉक्सला सांगितले जाते ३५०, प्रत्यक्षात येतात ४३०. बिचारा ३५० पुरताच क्लच आवळतो. क्लच घसरतो, किंचितच, चालकाला कळणारही नाही इतका. पण प्रत्येक जोराच्या वेगवाढीत घसरतो.

माझ्या मते ट्यून केलेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स अकाली जाण्यामागे वाढीव शक्तीपेक्षा ही लबाडीच अधिक कारणीभूत असते. ज्या ट्युनरला आपले काम कळते, तो इंजिनाबरोबर गिअरबॉक्सच्या संगणकाचीही आज्ञावली जुळवून घेतो. टॉर्कचा खरा आकडा कळवला जातो, मर्यादा मोजून वाढवली जाते आणि त्या प्रमाणात तेलाचा दाबही. क्लचची पेलण्याची ताकद चार गोष्टींनी ठरते: घर्षणाच्या पृष्ठभागांची संख्या, अस्तराचा घर्षणांक, तबकड्यांची सरासरी त्रिज्या आणि त्यांना आवळणारे बल. यांपैकी केवळ शेवटची गोष्ट संगणकातून बदलता येते आणि तीही पंप व तेलाच्या सीलांना सोसेल तेवढीच. त्यापलीकडे जायचे तर गिअरबॉक्स उघडावा लागतो.

जीटी-आरच्या बाबतीत असे उघडणे हा एक स्वतंत्र उद्योगच झाला. न्यूझीलंडमधील डॉडसन मोटरस्पोर्ट आणि अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील शेपर्ड ट्रान्समिशन्स ही त्यातली प्रसिद्ध नावे. अधिक तबकड्यांचे क्लच, भक्कम कड्या, मजबूत काटे, शेवटी संपूर्ण नवी दातेचक्रे, अशा पायऱ्यांनी त्यांनी हा गिअरबॉक्स मूळच्या दुप्पट आणि त्याहूनही अधिक टॉर्क सोसण्याइतका वाढवला. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. क्लच भक्कम केला की पुढची कमकुवत जागा उघडी पडते. पूर्वी क्लच घसरून धक्का सोसत असे. आता तो घसरत नाही, म्हणून धक्का थेट दात्यांवर आणि बेअरिंगवर जातो. घसरणारा क्लच हा एका अर्थाने विजेच्या फ्यूजसारखा असतो. फ्यूजऐवजी जाड तार घातली की काय होते, हे आपल्याकडे सांगण्याची गरज नाही.

बेअरिंगचा हिशेब तर छापील नियमाचाच आहे. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. टॉर्क ३० टक्क्यांनी वाढला आणि सतत तसाच राहिला, तर आयुष्य निम्म्याच्याही खाली येते. दात्यांच्या बाबतीत घसरण याहूनही तीव्र असते. सुदैवाने रस्त्यावरची गाडी पूर्ण टॉर्कने फार थोडा वेळ चालते. म्हणूनच तीस टक्के वाढवलेल्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षे बिनतक्रार धावताना दिसतात आणि त्यांचे मालक 'काही होत नाही हो' असे छातीठोकपणे सांगतात. त्यांचेही खोटे नसते. ते पूर्ण जोर किती वेळ वापरतात, यावर सारे अवलंबून आहे.

गिअरबॉक्सची मूळ निवड किती महत्त्वाची, याचे एक गमतीदार उदाहरण फोक्सवॅगनच्याच घरात आहे. ऑडीच्या टीटी-आरएस आणि आरएस-३ या तिखट गाड्यांत जो सात गिअरचा डीक्यू-५०० वापरला गेला, तो ६०० न्यूटन-मीटरचा धनी ट्रान्सपोर्टर व्हॅनमध्येही बसतो. भरलेली व्हॅन चढावर ओढून न्यायची तर जो भक्कमपणा लागतो, तोच ट्युनरांच्या पथ्यावर पडला. डीक्यू-२५० काढून त्या जागी हा गिअरबॉक्स बसवण्याचे उद्योग युरोपात सर्रास चालतात.

कोरडा क्लच आणि आपली वाहतूक

आतापर्यंतचे सारे ओल्या क्लचविषयी झाले. छोट्या इंजिनांसाठी २००८ पासून फोक्सवॅगनने सात गिअरचा डीक्यू-२०० आणला, त्याचे क्लच कोरडे आहेत. तेलाचे घर्षण नसल्याने इंधन वाचते, वजनही कमी. मात्र उष्णता वाहून न्यायला भोवतालच्या हवेखेरीज काही नाही. याची मर्यादा २५० न्यूटन-मीटरची. या गिअरबॉक्सचा पूर्वेतिहास फारसा उज्ज्वल नाही. चीनमध्ये तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीने तेथे हमी दहा वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवली आणि मार्च २०१३ मध्ये, सरकारी दूरचित्रवाणीने विषय लावून धरल्यावर, ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांतील कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्याचा निर्णय झाला. उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे विजेचा बिघाड संभवतो, असे त्यामागचे कारण होते. उष्ण आणि दमट म्हटल्यावर मुंबईकरांना वेगळे काही सांगायला नको.

आपल्याकडे २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये हाच गिअरबॉक्स होता. तिच्या इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर, म्हणजे गिअरबॉक्सपाशी भरपूर राखीव ताकद होती. रीमॅप करणाऱ्यांची ती लाडकी गाडी ठरली आणि बहुतेकांना ते पचलेही, यात नवल नाही. आज चाकणला बनणाऱ्या टायगन, व्हर्टस, कुशाक आणि स्लाव्हिया यांच्या दीड लिटर इंजिनाचा टॉर्क मात्र बरोबर २५० आहे. कारखान्यातून निघतानाच गिअरबॉक्स आपल्या मर्यादेवर उभा आहे. या इंजिनाला रीमॅप करून ३०० च्या आसपास नेणाऱ्याने पोलोच्या अनुभवावर विसंबू नये. दोन्ही गाड्यांतील गिअरबॉक्सचे नाव एक असले तरी शिल्लक एक नाही. शिवाय आज्ञावली बदलल्याची खूण संगणकात राहते, जुनी परत भरली तरी अनेकदा राहते, आणि हमी संपल्यात जमा होते. मेकाट्रॉनिक्स बदलण्याचा खर्च लाखाच्या घरात जातो, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

रीमॅप न करणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. वरचाच उष्णतेचा नियम गर्दीला लावून पाहू. माणसांसह १,३०० किलोची गाडी शून्यापासून ताशी १० किलोमीटरपर्यंत सरकली, तर क्लचमध्ये किमान ५ किलोज्यूल उष्णता येते. सायंकाळी हिंजवडीहून परतताना अशी शंभर वेळा सरक-थांब झाली, तर बेरीज ५०० किलोज्यूल. म्हणजे जीटी-आरच्या त्या बदनाम सुटण्याचे साडेचार प्रयोग, तेही कोरड्या क्लचवर, दररोज! ही उष्णता दीड-दोन तासांत वाटली जाते, म्हणून क्लच तगतो. झीज मात्र जमा होत राहते.

यावर उपाय साधे आहेत. पुढच्या गाडीमागे वीतभर-वीतभर सरकण्याऐवजी थोडी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. बोरघाटात किंवा उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये. तेथे गाडी हलतच नसल्याने क्लच कधी जुळतच नाही आणि उष्णतेला कसलीही मर्यादा राहत नाही. ब्रेक दाबून धरला की बहुतेक दुहेरी क्लचच्या गाड्यांत क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करण्याचा खटाटोप अनावश्यक आहे. टाटा मोटर्सने २०२२ मध्ये अल्ट्रोझमध्ये दुहेरी क्लच दिला, तेव्हा कोरड्याऐवजी ओला क्लच निवडला. आपल्या रस्त्यांचा विचार करता ही निवड मला शहाणपणाची वाटते.

पुढची पिढी

दरम्यान मोठ्या कंपन्यांचे या गिअरबॉक्सवरचे प्रेम थोडे ओसरले आहे. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये एम-३ साठी तो स्वीकारला, पण २०१७ च्या एम-५ मध्ये आणि पुढे २०२० च्या एम-३ व एम-४ मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या आठ गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्सकडे ती परतली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण तेलातच होते, झिजायला अस्तर नसते, आणि आता बदलाच्या वेगातही तो फारसा मागे नाही. मर्सिडीज-एएमजीनेही नव्या जीटीमध्ये दुहेरी क्लच सोडून दिला. याउलट पोर्शने पीडीके टिकवला आणि २०२४ च्या ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये त्याच्या पोटातच विद्युत मोटर बसवली. फेरारीने २०१९ च्या एसएफ-९० मध्ये रिव्हर्स गिअर काढूनच टाकला, ते काम विद्युत मोटरवर सोपवले. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते. सुटण्याच्या पहिल्या क्षणाचा भार तिने वाटून घेतला, तर क्लचच्या वाट्याची उष्णता तेवढी कमी होते.

जुन्या बाजारात असलेल्या गाड्यांना मात्र हे सुख नाही. जीटी-आर असो वा पोलो, घेणाऱ्याने गाडी चकचकीत आहे का, यापेक्षा तेल केव्हा बदलले याच्या पावत्या आधी मागाव्यात. दुसरे म्हणजे गाडी कार्यशाळेत नेऊन संगणकातील क्लचच्या स्पर्शबिंदूंची आणि भरपाईची नोंद वाचून घ्यावी. पाऊण तासाचे काम आहे. इंजिन गरम असताना चढावर पहिल्या गिअरमध्ये सावकाश सुटून पाहावे, थरथर जाणवते का ते बघावे. मग दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का बसतो का, हेही. विक्रेता गाडी पळवून दाखवायला उत्सुक आणि नोंद वाचू द्यायला नाखूश असेल, तर व्यवहार तेथेच थांबवलेला बरा.